मिशीवाला तिचा कोण?

बोलपट यायच्या आधीच्या सिनेमांचा नाद मला लागला तो फोन पाण्यात पडला म्हणून. बारामतीत माझं शेतीपंपाच्या मोटारी, स्टार्टर आणि केबलचं दुकान आहे. कऱ्हाटीच्या एका गिऱ्हाइकाची मोटार दुकानामागच्या टाकीत सोडून तपासत होतो, वाकलो, आणि वरच्या खिशातला फोन सरळ टाकीत गेला. तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर तो सुरू झाला, पण आवाज गेला तो गेलाच. नवा घ्यायचं आज-उद्या, आज-उद्या चाललं होतं. तोवर दुपारच्या रिकाम्या वेळात बघायचं काय? ज्याला आवाज लागत नाही असं काहीतरी. शोधता शोधता ते मूकपट हाती लागले. काळेपांढरे, जागोजागी ओरखडे पडलेले, आणि माणसं भराभरा चालणारी.

त्या काळची माणसंच चपळ असावीत, असं मला आधी वाटलं. मी दुकानात एकटाच बसून त्यांची धांदल बघून हसायचो. मग कुठंतरी वाचलं की तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, चित्रं कमी वेगानं टिपली जायची, आणि आता ती जास्त वेगानं दाखवतात म्हणून माणसं पळताना दिसतात. म्हणजे ती बिचारी तुमच्या-आमच्यासारखीच रमतगमत चालली होती. हे कळल्यावर मी जरा चक्रावलो. मला हसू येत होतं ते त्या धांदलीचं, आणि ती धांदल तर कुणी केलीच नव्हती. मग मी हसत होतो कशाला?

तरी नाद सुटला नाही. नवा फोन घेतला, त्याला चांगला खणखणीत आवाज होता, पण हे सिनेमे मी आवाज बंद करूनच बघायचो. काही काही सिनेमांवर नंतर कुणीतरी पियानो वाजवून बसवलेला असतो, तो मला नको वाटायचा. सवयच तशी लागली होती. मला त्यातल्या मागच्या माणसांचं फार कुतूहल वाटायचं. पुढं नट मारामारी करतोय आणि मागं रस्त्यावरून एक म्हातारा पिशवी घेऊन चाललाय. तो थांबतो, कॅमेऱ्याकडं बघतो, काहीतरी म्हणतो आणि निघून जातो. त्याला कुणी पैसे दिलेले नाहीत, तो नट नाही. तो काय म्हणाला असेल? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला दुकानात काही कामं नाहीत का?"

त्याच सुमारास इंदापूरच्या आत्याचा पाय मोडला. एसटीतून उतरताना पायरी चुकली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिची इंदापुरात पिठाची गिरणी आहे, आणि ती गिरणी तिनं नवरा गेल्यावर एकटीनं चालवली. पट्ट्याच्या आणि जात्याच्या त्या घरघरीत उभं आयुष्य काढल्यामुळं तिला कमी ऐकू येतं. पाय प्लॅस्टरमध्ये, गिरणी सुनेच्या हाती, आणि आत्या मागच्या खोलीत कॉटवर. दिवसभर टीव्ही. थोड्याच दिवसांत सुनेचा मला फोन आला.

"भावजी, तुमी तरी येऊन सांगा त्यास्नी. टीव्हीचा आवाज येवढा असतोय, की त्यापरास गिरणी बरी."

मला वाटलं, हे तर आपल्याच हातातलं काम आहे. आत्याला ऐकू येत नाही आणि माझ्या सिनेमांना आवाज नाही. सुट्टीच्या दिवशी मुलीचा टॅब पिशवीत घातला आणि इंदापूरची गाडी पकडली. निमगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती आणि मी मनात ठरवत होतो, आत्याला आधी कुठला सिनेमा दाखवायचा. माझा एक आवडता होता, तोच काढला.

त्याची गोष्ट मला तोंडपाठ होती. एका मुलीचं पावाचं छोटं दुकान आहे. एक मिशीवाला धिप्पाड माणूस उंच टोपी घालून तिच्याकडं येतो. तो त्या इमारतीचा मालक, आणि त्याला त्या मुलीशी लग्न करायचंय. दुसरा एक बारीक माणूस, ढगळ कोटातला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. तो मुलीवर जीव टाकतो. तो मिशीवाल्याच्या खिशातून किल्ल्या पळवतो, मग छपरांवरून पाठलाग, मिशीवाला चुन्याच्या हौदात पडून पांढरा फटक होतो, आणि शेवटी मुलगी नि बारीक माणूस घोडागाडीत बसून निघून जातात. मी तो चुन्याचा प्रसंग कितीदा बघितला असेल आणि प्रत्येक वेळी हसलो असेन.

टॅब उशीला टेकवून लावला. आत्यानं डोळे बारीक केले.

"आवाज वाढीव."

"ह्याला आवाजच नसतो, आत्या."

"बिघडलाय?"

"न्हाई गं, असाच असतो. जुना सिनेमा हाय."

तिनं मान माझ्याकडं वळवली. "मला ऐकू येत न्हाय, म्हणून बिनआवाजाचा आणलास व्हय रं?"

मी म्हटलं, बघ तर खरं. ती बघायला लागली. असल्या सिनेमात मधेमधे काळी पाटी येते आणि कोण काय बोललं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ते इंग्रजीत होतं, म्हणून मी तिच्या कानाशी वाकून मराठीत मोठ्यानं वाचत होतो. मिशीवाला पहिल्यांदा आला, काहीतरी बोलला, मुलगी रडली. मी पाटी वाचली, "माझ्याशी लग्न कर, नाहीतर घर सोड."

"गप बस," आत्या म्हणाली. "कळतंय मला."

शेवटपर्यंत तिनं मला परत वाचू दिलं नाही. चुन्याच्या हौदाला मी सवयीनं हसलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. घोडागाडी निघून गेली. मिशीवाला रस्त्यात पांढऱ्या अंगानं टोपी हातात धरून उभा राहतो, तिथं सिनेमा संपतो. आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं गं?"

"आरं, भाऊ हाय की त्यो तिचा. बघ कसा उभा राह्यलाय. बहीण चोराबरुबर पळाली अन् ह्यो बघत राह्यला."

"भाऊ न्हाई, मालक हाय. लग्न करायचंय त्याला. मी वाचलं न्हाई का?"

"तिच्या डोक्यावरनं हात फिरवला त्यानं. लगीन करणारा माणूस असा हात ठिवतो व्हय? अन् येताना गाठोडं आणलं, टेबलावर ठिवलं. माहेरचं गाठोडं ते."

"पण पाटीवर लिहिलंय ना आत्या."

"त्यो बोलला कवा? तोंड हाललं, मग काळी पाटी आली. पाटी कुणी लिवली?"

"सिनेमावाल्यानं."

"मग! त्याला काय ठावं?"

सून दारात उभी राहून हसत होती. मीही हसलो. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र मला चैन पडेना. घरी आलो, चहा घेता घेता टॅबवर तो सिनेमा परत लावला आणि पाटी आली की बोटानं पुढं ढकलत गेलो. मिशीवाला आला. त्यानं खरंच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी इतक्यांदा बघितलं होतं आणि तो हात मला लबाडीचा वाटला होता. आता तो हात मोठ्या भावाचा वाटत होता. गाठोडं ठेवताना तो तिच्याकडं बघतही नाही, आणलंय म्हणून ठेवतो आणि खिडकीबाहेर बघतो. मी ते आमिष समजत होतो. चुन्याच्या हौदापाशी आलो आणि हसूच येईना. एक माणूस बहिणीमागं धावताना पडला, एवढंच दिसलं.

आता मी पाट्यांसकट परत बघितला. तर तो पुन्हा मालक झाला. ओढूनताणूनही हसू मात्र आलं नाही.

तेव्हा मला वाटलं, ह्याचा सोक्षमोक्ष लावलाच पाहिजे. सिनेमा कुणी केला, खरी गोष्ट काय, हे शोधायला बसलो. त्यात आणखीच घोळ झाला. त्याच सिनेमाची दुसरी प्रत सापडली, तीच माणसं, तेच पावाचं दुकान, पण पाट्या युरोपातल्या भलत्याच भाषेत. फोनवर भाषांतराची सोय असते, तिच्यासमोर एकेक पाटी धरली. त्या प्रतीत मिशीवाला मालकही नव्हता आणि भाऊही नव्हता. तो मुलीचा काका होता. किंवा मामा. फोननं 'अंकल' म्हणून सांगितलं, त्यात काय ते कळेना. आणि तो ढगळ कोटातला बारीक माणूस तिचा नवरा होता, पुष्कळ वर्षांनी परदेशाहून आलेला.

नंतर वाचलं की तेव्हा हे सर्रास चालायचं. सिनेमा दुसऱ्या देशात गेला की तिथले लोक पाट्या आपल्या सोयीनं बदलायचे, कुठं कातरायचे, कुठं नाती फिरवायचे. माणसाचं तोंड हलतंय तेवढं खरं, बाकी ज्यानं पाटी लिहिली त्याचं. पहिली पाटी कुठली होती, हे ह्या सिनेमाच्या बाबतीत मला कुठंच सापडलं नाही.

पुढच्या सुट्टीला इंदापूरला गेलो तेव्हा आत्याला सगळं सांगितलं. कानाशी ओरडूनच सांगावं लागलं.

"काका का मामा?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"ते कळत न्हाई."

"काका अन् मामात फरक न्हाय व्हय? काका असला तर घर त्याचंबी. मामा असला तर पावणा." मग म्हणाली, "अन् त्यो बारका नवरा असता, तर किल्ल्या चोरल्या असत्या व्हय? नवऱ्यानं मागितल्या असत्या. भाऊच हाय त्यो."

माझ्या मनात एक गोष्ट आली होती, ती मी बोलून टाकली. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्याचं त्यांच्यावर फार प्रेम. मी विचारलं, "आत्या, तुला त्यो मिशीवाला माझ्या बापासारखा दिसतोय का?"

आत्यानं मला वेड्यात काढलं. "तुझ्या बापाला मिशी कुठं हुती?"

खरंच नव्हती. ती उशी सारखी करत आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "अन् त्यो कवा डोक्यावर हात ठिवायचा न्हाय. पिशवी दारात ठिवायचा अन् निघायचा. 'च्या घे' म्हणलं तर म्हणायचा, गाडी जाईल."

ह्याचा काय अर्थ लावायचा, मला कळलं नाही. तिला वडील आठवत होते की नव्हते?

विषय बदलावा म्हणून मी त्या दिवशी कार्टून लावलं. लहानपणी केबलवर आम्ही रंगीत कार्टूनं बघायचो, धडाधड आवाजाची. ही त्यांच्याही आधीची, मुकी. माझ्या मते ती अजबच आहेत. त्यात कुणाला हाडं नसतात. हातपाय रबरी नळीसारखे. चूल श्वास घेते, घड्याळ जांभई देतं, झाडाला धडकायला गेलात तर झाड कंबर वाकवून बाजूला होतं. मला ती बघताना गंमत वाटते आणि थोडी भीतीही वाटते, आणि आधी काय वाटतं ते सांगता येत नाही. त्या दिवशी लावलं होतं त्यात एक कुत्रा आणि एक बदक होतं. कुत्रा जिन्यावरून गडगडत खाली येतो, चपटा होतो, उठून झटकतो आणि चालायला लागतो. मी आत्याकडं बघितलं. ती हसली नाही. मग कुत्रा पळता पळता कुंपणापाशी येतो, तर कुंपणच लाकडी पाय उचलून त्याला वाट देतं. त्याला आत्या इतकी हसली, इतकी हसली, की सून गिरणीतून पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय झालं?"

"कुंपन गं! कुंपनानं वाट दिली!" आत्याला बोलवेना.

मला वाटलं, चला, हे जमलं. पुढं कुत्रा ओढा ओलांडायला आपली शेपूट उपसून काढतो, काठीसारखी टेकवतो आणि पलीकडं जातो. आत्याचं हसू एकदम थांबलं.

"बंद कर ते."

"का गं?"

"बंद कर म्हणते ना."

मी बंद केलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी निघताना पिशवी उचलली तेव्हा तिनं विचारलं, "शेपूट परत लावली का त्यानं?"

मला आठवेना. शेवट मी बघितलाच असणार, पण शेपटीकडं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. मी म्हटलं, "लावली." घरी जाऊन बघितलं, तर शेवटाआधीच फिल्म जळल्यासारखी पांढरी होते आणि कार्टून तिथंच तुटतं.

मग सीझन लागला. दुकानात मोटारींची गर्दी, निरवांगीकडचीही गिऱ्हाइकं यायला लागली, मला इंदापूरला जाणं जमेना. मधल्या काळात माझं मत पक्कं होत गेलं. दुपारी कधी फुरसत मिळाली की तो सिनेमा लावायचो आणि दर वेळी भाऊच दिसायचा. पाट्या मी वाचायचंच सोडून दिलं. त्या बारीक माणसाचा मला राग यायला लागला. कसला नायक? दुसऱ्याच्या खिशात हात घालतो आणि आपण त्याला टाळ्या वाजवतो. आत्याचंच खरं, असं मी बायकोलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं."

आत्याचं प्लॅस्टर निघालं, ती काठी घेऊन चालायला लागली, आणि पुण्याला कंपनीत असणाऱ्या आतेभावानं तिला कानाचं मशीन करून आणलं. मी बघायला गेलो तेव्हा ती कॉटवर सरळ बसली होती आणि कुणीही जरा भांडं आपटलं की दचकत होती. मशीन कानात नवं होतं.

"हळू बोल," मला म्हणाली. "वरडू नगं. येतंय ऐकू."

चहा झाल्यावर तिनंच विचारलं, "त्यो भावाचा सिनेमा आणलास का?"

मी खुशीनं टॅब काढला. तिचा कान आता चांगला झालाय हे माझ्या लक्षात होतं, पण आवाज बंद करायचं ध्यानात राहिलं नाही. सिनेमा सुरू झाला तसा पियानो वाजायला लागला. बंद करायला मी हात पुढं केला, तर तिनं धरला.

"ऱ्हाऊ दे. ही पेटी कोण वाजवतंय?"

"ती नंतर बसवलीय गं. सिनेमातली न्हाई."

"ऱ्हाऊ दे."

मिशीवाला दारातून आला आणि पियानोचे जाड, खालचे सूर लागले, एकेक पायरी चढून यावं तसे. मुलगी दिसली की ते सूर बारीक व्हायचे. त्यानं डोक्यावरून हात फिरवला तेव्हा वाजवणाऱ्यानं असा काही सूर दाबला की माझ्याही अंगावर काटा आला. आत्या पुढं वाकून ऐकत होती. बारीक माणूस किल्ल्या पळवत होता तेव्हा पियानो लहान पोरासारखा उड्या मारायला लागला, आणि आत्याच्या तोंडावर हसू फुटलं. चुन्याच्या हौदाला तर तिनं टाळीच वाजवली.

"पडला मुडदा!"

"आत्या, अगं भाऊ हाय ना त्यो?"

"कसला भाऊ? वाईट हाय त्यो. आल्या आल्या कळतंय की."

"तूच म्हणालीस. डोक्यावर हात, गाठोडं..."

"तवा मला ऐकू येत नव्हतं."

"अगं पण हे त्या माणसांचं न्हाई. ही पेटी शंभर वर्षांनी कुणीतरी घरात बसून वाजवलीय. त्याला काय ठावं?"

"त्यानं बघूनच वाजवलं असंल का न्हाय?" आत्या म्हणाली. "का डोळं झाकून वाजवलं?"

मी तिला भावाची बाजू समजावून सांगायला लागलो, तिचीच वाक्यं तिला सांगितली, पण तिनं कानातलं मशीन चाचपलं आणि सुनेला म्हणाली, "ह्यो का त्या मिशीवाल्याची बाजू घ्यायला लागलाय कुणास ठाऊक." सुनेनं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी टॅब पिशवीत टाकला.

परत येताना स्टँडवर गाडी लागायला वेळ होता. बाकड्यावर बसून मी तेवढा दाराचा प्रसंग दोनदा बघितला, एकदा आवाज ठेवून, एकदा बंद करून. आवाज ठेवला की तो वाईट, बंद केला की चांगला. शेजारी बसलेले एक तात्या वाकून बघत होते, ते म्हणाले, "येकच सीन हाय का?" मी व्हय म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, तू फक्त एकदा बघ आणि मला सांग. पियानो बंद केला, पाटी आली की पुढं ढकलत गेलो. तिनं हातातली मेथीची जुडी सोडली नाही, निवडत निवडत बघितलं. मिशीवाला आला, बोलला, गेला. मुलगी बाहेर जाऊन परत आत आली.

"कोण वाटतो तो?" मी विचारलं.

"थांबा, मागं घ्या जरा."

मी मागं घेतलं.

"घर कुणाचं आहे हे?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तो दार न वाजवता आत येतो, बुटांसकट. ती मात्र स्वतःच्या दुकानात येताना पाय पुसून येते. बघा."

मी बघितलं. मुलगी उंबऱ्याशी थांबली, आधी एक पाय पुसला, मग दुसरा, आणि आत कुणी आहे का म्हणून डोकावली. इतक्यांदा बघूनही हे मला कधी दिसलं नव्हतं. ती मालकीण नव्हतीच? कामाला होती? मग भाऊ कुठून आला, आणि लग्नाचं कोण कुणाला विचारतंय?

"मग तो कोण?" मी म्हटलं.

"मला काय माहीत?" बायको मेथीची पानं टोपलीत टाकत म्हणाली. "पुढं तर जाऊ द्या."